मदत हवी आहे: एआरएमवर होस्ट-गेस्टच्या सामायिक मेमरीत जुनी फ्रेम दिसते

नमस्कार मंडळी,

केव्हीएम-क्यूएमूवर (लिनक्सवर आभासी मशीन चालवणारी जोडी) काम करतोय; होस्ट म्हणजे खरं मशीन, गेस्ट म्हणजे त्यावरचं आभासी मशीन. होस्टवरची एक प्रोसेस कॅमेऱ्याच्या फ्रेम घेते आणि त्या गेस्टमधल्या प्रोग्रामला कॉपी न करता द्यायच्या आहेत. १९२०×१०८०, एनव्ही१२ (आधी उजेडाचा वाय प्लेन, मग रंगाचा; पिक्सेलला सरासरी दीड बाइट), म्हणजे एक फ्रेम ३१,१०,४०० बाइटची; सेकंदाला ३० फ्रेम. सॉकेटमधून ढकलणं मला पटत नाही, म्हणून आयव्हीशमेम (क्यूएमूचं सामायिक मेमरीचं आभासी उपकरण) घेतलं. होस्टवर शेअर्ड मेमरीची फाइल, गेस्टला तीच पीसीआय उपकरणाचा बार-२ (उपकरणाच्या मेमरीची खिडकी) म्हणून दिसते. चार फ्रेमची रिंग (गोलाकार रांग), लिहिण्याचा आणि वाचण्याचा असे दोन इंडेक्स.

एक्स८६ लॅपटॉपवर हे उत्तम चालतं. तोच कोड एआरएम६४ बोर्डावर टाकला की चित्रात मधेमधे आधीच्या फ्रेमचे तुकडे दिसतात. तुकडे बरोबर ६४ पिक्सेल रुंद. वाय प्लेनमध्ये पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ६४ बाइट, म्हणजे एक कॅश लाइन (प्रोसेसरची कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा). इंडेक्सवर रिलीज-अक्वायर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणं) दोन्ही बाजूंनी आहे, त्यामुळे हा क्रमाचा घोळ वाटत नाही.

माझा संशय असा: होस्टचं मॅपिंग कॅशेबल, तर गेस्टमध्ये मी सिस्एफएसमधली (लिनक्स उपकरणं फाइल म्हणून दाखवतं ती जागा) रिसोर्स२_डब्ल्यूसी फाइल एममॅप करतो, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीत जोडतो; ते मॅपिंग नॉन-कॅशेबल. होस्टने लिहिलेलं अजून कॅशमध्येच असतं आणि गेस्ट थेट रॅममधून वाचतो. (नुसती रिसोर्स२ वापरली तर ते डिव्हाइस मेमरी म्हणून मॅप होतं आणि अलाइन नसलेल्या वाचनाला बस एरर येते.) एआरएम ८.४ मधलं एफडब्ल्यूबी (गेस्टची कॅश-सेटिंग होस्टकडून ठरवायची सोय) असतं तर केव्हीएमने गेस्टलाही राइट-बॅकच (पूर्ण कॅशेबल) करायला लावलं असतं, पण आमचा प्रोसेसर जुना आहे.

तीन वाटा दिसतात. होस्टने प्रत्येक फ्रेमनंतर कॅश क्लीन करायची, म्हणजे कॅशमधलं रॅममध्ये लिहायचं: ४८,६०० लाइन, प्रत्येकीला एक डीसी सीव्हीएसी (तेच करणारी एआरएमची सूचना). गेस्टमध्ये छोटं कर्नल मॉड्यूल लिहून बार-२ मेमरिमॅपने (कर्नलचं मॅपिंगचं फंक्शन) राइट-बॅक मॅप करायचा. किंवा आयव्हीशमेम सोडून व्हर्टिओकडे (आभासी उपकरणांचं प्रमाणित इंटरफेस) जायचं: बफर गेस्टच्या स्वतःच्या रॅममध्ये, रिंगमध्ये बफरचा पत्ता सांगणारे १६ बाइटचे डिस्क्रिप्टर, दोन्हीकडे मॅपिंग कॅशेबल, प्रश्नच मिटला.

पण व्हर्टिओत मला एक गोष्ट खुपते. कॅमेऱ्याची प्रोसेस वेगळी ठेवायची तर व्हीहोस्ट-युजर (उपकरणाचं काम क्यूएमूबाहेरच्या प्रोसेसला देण्याची सोय) लागेल, आणि मग गेस्टची सगळी रॅम तिच्या हाती जाते. आयव्हीशमेममध्ये फक्त १६ एमबी उघडे राहतात. गेस्टमध्ये लोकांचे चेहरे ओळखायचा डेटा असेल, त्यामुळे ही सीमा मला सैल करायची नाही. गेस्टवरही होस्टचा आंधळा विश्वास नाही: त्याने परत दिलेला इंडेक्स एकदाच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेऊन तपासतो, दुसऱ्यांदा सामायिक मेमरीतून वाचत नाही.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. कोणी एआरएमवर पीसीआय बार असा राइट-बॅक मॅप करून खरंच चालवलाय का? होस्ट आणि गेस्ट दोन्ही राइट-बॅक असले की एवढं पुरतं, की सुरुवातीला एकदा क्लीन-इनव्हॅलिडेट (कॅशमधलं रॅममध्ये लिहून कॅशची प्रत रद्द करणं) करावंच लागतं? आणि व्हीहोस्ट-युजरमध्ये रॅमचा फक्त एक तुकडा देता येत असेल तर तेही कृपया सांगा. लागल्यास मॅपिंगचा कोड आणि क्यूएमूची कमांड इथे टाकतो.