चिखलाचे मोजे आणि चोचीची जाडी

कोकणातल्या अंजर्ल्याच्या खाडीत दिसलेल्या एका पांढऱ्या पक्ष्याबद्दल कुणीतरी म्हटलंय की त्याची बोटं पिवळी दिसत नाहीत, म्हणून तो छोटा बगळा नाही. मला ते पटत नाही. ओहोटीला खाडीत उतरलेल्या बगळ्याच्या बोटांवर चिखलाचे मोजेच चढतात. पाय पाण्यातून वर निघेपर्यंत थांबा, मग लख्ख पिवळी बोटं दिसतात.

चोच बघा. छोट्या बगळ्याची बारीक, सरळ, काळी. ज्याच्याशी त्याची गल्लत होते त्या समुद्र बगळ्याची जाडसर, किंचित वाकलेली, बहुतेकदा पिवळट-तपकिरी. आणि हो, समुद्र बगळा राखाडीच असतो असं नाही, पांढराही असतो. तिथेच गफलत होते.

फोटो काढताना एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) थोडं कमी ठेवा. जास्त प्रकाशाने फोटोत पिसं जळाली, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसली, की चोचीचा रंगही फसवतो.