पुणे मराठाज कोलंबोत जिंकले, पुण्यात का नाही खेळले?

कसबेकर:
२०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा, म्हणजे आपल्याकडच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा, पहिला हंगाम झाला. आठ संघ होते: पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स वगैरे, शिवाय कोलंबो आणि पाकिस्तानचा एकेक. सामने कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर झाले. फायनलला पुण्याने दिल्लीला ६-० हरवलं. विजेतेपद पुण्याच्या नावावर, आणि पुण्यात किती जणांना ते ठाऊक आहे? माझ्या मते लीगचं घोडं तिथेच अडलं. ज्या शहराचं नाव घेता, त्या शहरात खेळा.

डॅलसवासी:
हे एकांगी होतंय. या खेळाला काय काय लागतं बघा: प्रत्येकाला हेल्मेट, खांद्याचे पॅड, आक्रमणाला वेगळे अकरा, बचावाला वेगळे अकरा. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडताना, डोकं कुठे ठेवायचं हे आधी घोटून घ्यावं लागतं, नाहीतर मानेवर बेतायचं. इथे टेक्सासात पोरं ते शाळेपासून शिकतात. तुमच्याकडे सगळ्यांची सुरुवात शून्यातून. अशा वेळी सगळे संघ एका जागी ठेवले यात शहाणपणच होतं. आणि छोट्या लीगला कमी लेखू नका. या लीगमध्ये पैसे घालणारा अमेरिकन खेळाडू कर्ट वॉर्नर स्वतः आयोवा बार्नस्टॉर्मर्स संघाकडून अरीना फुटबॉल, म्हणजे या खेळाचा छोट्या बंदिस्त मैदानावरचा प्रकार, खेळून वर आला आणि रॅम्स संघाकडून सुपर बोल, म्हणजे तिथल्या सर्वात मोठ्या लीगची फायनल, जिंकला.

कसबेकर:
वॉर्नरचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे! बार्नस्टॉर्मर्स आयोवातल्या डेमॉइन शहरात घरच्या प्रेक्षकांसमोर खेळायचे. प्रो कबड्डी बघा. २०१४ च्या पहिल्या हंगामात तिथेही आठच संघ, पण सगळा ताफा शहरोशहरी फिरला. पुणेरी पलटण बालेवाडीत खेळली, म्हणून ती पुण्याची झाली.

रग्बीवाला:
कबड्डीशी तुलना पटत नाही. कबड्डी आपण शाळेच्या मैदानात खेळलेली असते. मी रग्बी खेळतो. आमच्या मॅचला घरचे आणि पुढच्या मॅचचे खेळाडू, एवढेच प्रेक्षक. बालेवाडीचं स्टेडियम टीव्हीवर रिकामं दिसलं असतं तर पुढे कोण प्रायोजक आला असता? मला खटकतं ते वेगळंच. माईक डिटका, मायकल अर्विन, वॉर्नर या अमेरिकन फुटबॉलमधल्या बड्या गुंतवणूकदारांची नावं सगळ्यांच्या तोंडी. फायनल जिंकलेल्या एका तरी पोराचं नाव कुणी सांगेल? ६ गुण म्हणजे एक टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) किंवा दोन फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारणं). एवढ्यावर फायनल जिंकायची आणि समोरच्याला एकही गुण द्यायचा नाही, यात बचावफळीचा घाम असतो. त्याचं कौतुक पुण्याने करायला हवं होतं.

कसबेकर:
कौतुक करायला बघायला तर मिळायला हवं! रिकाम्या खुर्च्या दिसल्या असत्या तर दिसू द्यायच्या होत्या. पहिल्या सामन्याला खेळाडूंचे आईवडील आणि कॉलेजचे मित्र आले असते. त्यातली दहा पोरं दुसऱ्या दिवशी मैदानावर उतरली असती.

डॅलसवासी:
उतरली असती, पण त्यांना शिकवणार कोण? आधी प्रशिक्षक तयार करा, मग प्रेक्षक. चुकीचं टॅकल शिकलेलं पोर एका दुखापतीत खेळ सोडतं, आणि मग गल्लीतले बाकीचे आईबापही आपल्या पोरांना पाठवत नाहीत.