मदत हवी आहे: दुकानासमोर बोलार्ड (गाडी अडवणारे खांब) लावायचेत, पण खाली पाण्याची टाकी

पुण्यात सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं मेडिकल आहे. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाऊन समोर लावलेली गाडी दोनदा पायरीवर चढली. दुसऱ्या वेळी काउंटरशी एक आजी उभ्या होत्या, थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून झोप नाही.

जागा सोसायटीच्या हद्दीतली, फुटपाथची नाही. कमिटीची लेखी परवानगी आहे. आधी बेसप्लेटचे (खाली सपाट लोखंडी प्लेट असलेले) पाइप अँकर बोल्टने पेव्हर ब्लॉकवरच बसवले होते, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने ते उपटले. आता ४ इंची, काँक्रीट भरलेले एमएस (माइल्ड स्टील) पाइप हवेत. व्हीलचेअरसाठी मध्ये १२०० मिमी मोकळे सोडणारच. फॅब्रिकेटर अडीच-तीन फूट खोदा म्हणतो, पण टाकीचा स्लॅब जेमतेम फूटभर खाली आहे.

स्लॅबला भोक न पाडता, तेवढ्याच खोलीत सगळे पाइप एका चॅनेलच्या (C आकाराच्या स्टीलच्या) फ्रेमला वेल्ड करून वर काँक्रीट केलं, तर कारचा धक्का झेपेल का? कुणी केलं असेल तर फ्रेम किती रुंद घेतली?