अनुभव धागा : वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट अभ्यासाला कसा जुंपता?

कोकणातल्या जवळपास प्रत्येक शाळेचा गट आहे आणि बहुतेकांवर सूचना, सुविचार नि वाढदिवसाचे केक एवढेच फिरते. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, यूट्यूब यांपैकी काहीही वापरून मुलांकडून खरोखर काम करून घेत असाल, तर पद्धत इथे लिहा. आठवणी नकोत. सेटिंग काय ठेवता, वेळ कोणती देता, कुठे फिसकटते आणि का, एवढेच. शाळेचे आणि मुलांचे नाव टाळा.

गुहागर, भूगोल, आठवी-नववी

भरती-ओहोटीचा धडा गटावर सर्वांत चांगला चालतो, कारण उत्तर मुलांच्या दारात असते. आपल्याकडे जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, म्हणून हे जमते.

अष्टमीला सुरुवात करा आणि पौर्णिमेपर्यंत चालवा. धक्क्याजवळ राहणारी पाच-सहा मुले पुरतात. रोज संध्याकाळी साडेपाचला, त्याच जागेवरून, चौकटीत धक्क्याच्या पायऱ्या किंवा एखादा खांब येईल असा फोटो. खाली तीनच गोष्टी : ठिकाण, वेळ, पाण्याबाहेर किती पायऱ्या. अष्टमीला पाणी पायऱ्यांवर असते, पौर्णिमेच्या सुमारास त्याच वेळी चिखल आणि खडक उघडे. मग गटावर एकच प्रश्न टाकायचा : 'घड्याळ तेच, पाणी कुठे गेले?' उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) पुस्तकातून समजावण्याआधी हे झालेले असले की फळ्यावरची आकृती निम्म्या वेळात होते.

दुसरा टप्पा पोलचा, म्हणजे गटावर पर्याय देऊन मत घेण्याचा. 'आज एकादशी. भरती किती वाजता पूर्ण?' पर्याय चारच द्या : सव्वासात, सव्वाआठ, सव्वानऊ, सव्वादहा. दुसऱ्या दिवशी छापील भरतीच्या तक्त्याशी ताळा. अर्धा-पाऊण तास फरक निघेल, कारण तिथी काही मध्यरात्री बदलत नाही. खाडीच्या आत राहणारी मुले असतील तर आणखी मजा : दाभोळच्या मुखाशी भरती आधी, गोवळकोटला उशिरा. हा फरक मुलांनाच शोधू द्या.

फिसकटते कुठे? वेळ मजकुरात लिहायला लावली नाही तर. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली वेळेची नोंद गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर नोंद टिकते, पण जीपीएस चालू असेल तर घराचे ठिकाणही सोबत जाते, म्हणून तो मार्ग नको. फोटो धक्क्यावरून किंवा रस्त्यावरूनच, खडकावर उतरून नाही, आणि सोबत घरचे मोठे माणूस. जून ते सप्टेंबर हा उपक्रम बंद.

राजापूर, गटाची व्यवस्था

एका गटात सगळे कोंबू नका. घोषणांचा गट वेगळा : 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात'. कामाचा गट वेगळा, तो संध्याकाळी सात ते नऊ उघडायचा आणि मग तेच सेटिंग लावून मिटायचा. रात्री अकराचे 'हाय' त्याने थांबतात.

साध्या गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. मुलींचे पालक यावर बोलत नाहीत, गुपचूप गट सोडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कम्युनिटी' (अनेक गट एकत्र बांधायची सोय) असते, तिच्या घोषणा-गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, तो वापरा. भारतात व्हॉट्सअ‍ॅपला किमान वय १३, म्हणजे सातवीपर्यंत बहुतेक खाते पालकांचेच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचे सगळे 'मूल' धरले आहे. तेव्हा फोटो-आवाज मागण्याआधी पालकांची लेखी संमती जूनमध्येच घ्या, प्रवेशाच्या कागदांसोबत.

आणि मुदत. फोन बाबांबरोबर मच्छीमारीला किंवा आईबरोबर काजूच्या कारखान्यात असतो. 'आज आठपर्यंत' लिहिलेत तर तीच ठरावीक दहा मुले उत्तर देणार. किमान एक पूर्ण दिवस द्या. गणपतीत काहीच देऊ नका. चाकरमानी आले की टॉवरलाही दम लागतो.

कुडाळ, गणित

व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडले ते सर्वांना दिसते. वर्गातल्या हुशार मुलीने बोट ठेवले की बाकीचे तिच्यामागे. अंदाज विचारायला तो ठीक, चूक-बरोबर तपासायला टेलिग्रामची क्विझ. त्यात बरोबर उत्तर एकच, दिलेले मत बदलत नाही, आणि उत्तरानंतर दिसणारे स्पष्टीकरण २०० अक्षरांत बसवावे लागते (हे बंधन शिक्षकांच्या भल्याचे आहे).

सगळी कारागिरी चुकीच्या पर्यायांत. १/२ + १/३ विचारताना २/५ हवेच, कारण अंश-छेद सरळ मिळवणारे तिथेच जातात. १/५ आणि १/६ हेही ठेवा, बरोबर ५/६. सकाळी टक्केवारी बघायची. २/५ ला जास्त मते असतील तर तास तिथून सुरू. एका वेळी तीनच प्रश्न. दहा टाकले की पाचव्यापासून मुले डोळे मिटून दाबतात.

मालवण, प्राथमिक मराठी

लिहायला कंटाळणारे मूल व्हॉइस मेसेजवर खुलते. एक मिनिटाची मर्यादा, फाइलही एक एमबीच्या आतच राहते. विषय : आजीला विचारून होडीच्या किंवा चुलीभोवतीच्या पाच वस्तूंची नावे आणि उपयोग. बोलणे मालवणीत चालेल, वहीत प्रमाण मराठीत. वाचन तपासायचे असेल तर आवाज शिक्षकाला खासगीत मागवा. गटावर अडखळलेला आवाज एकदा गेला की ते मूल पुन्हा पाठवत नाही.

अलिबाग, यूट्यूब

व्हिडिओ 'अनलिस्टेड' (लिंक असेल त्यालाच दिसणारा) ठेवा, 'प्रायव्हेट' नको. प्रायव्हेटला प्रत्येकाचा ईमेल जोडावा लागतो. 'मुलांसाठी बनवलेला' निवडले की कॉमेंट बंद होतात, त्यामुळे प्रश्न गटावरच घ्या. एक व्हिडिओ, एक उदाहरण, चार-पाच मिनिटे. पत्र्याखाली जुलैत रेकॉर्ड करू नका, पावसाखेरीज काही ऐकू येत नाही. कॉलरला लावायचा वायरचा माइक पुरतो.

संगमेश्वर, सह्याद्रीच्या पायथ्याची शाळा

वरचे सगळे रेंज असेल तर. दरीतल्या वाडीत फोनच लागत नाही, त्यामुळे गटावरच्या कामाला गुण ठेवू नयेत आणि निळी टिक म्हणजे हजेरी मानू नये. वाडीनिहाय जोड्या लावा : रेंजमधला एक प्रश्न उतरवून घेतो, बाकीचे चिठ्ठीवर उत्तर लिहून सकाळी पेटीत टाकतात. टिपताना चिठ्ठी आणि मेसेज एकाच तक्त्यात घ्या, नाहीतर चिठ्ठीवाली मुले दोन आठवड्यांत लिहिणे सोडतात.