कांद्याच्या मुळात विभाजनच दिसेना, मदत हवी आहे

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलसाठी समविभाजनाची (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याची) स्लाइड करायची आहे. मुळं 2 सेंमी झाली की सकाळी आठला टोकं कापून 3:1 अल्कोहोल-ॲसेटिक आम्लात 24 तास ठेवतो. मग 60 अंशांवर 1 नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात 8 मिनिटं, धुऊन ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा रंग), शेवटचा 2 मिमी भाग कापून कव्हरस्लिप अंगठ्याने दाबायची. पेशी सुट्या होतात, रंगही छान चढतो. पण सगळीकडे इंटरफेज, म्हणजे विभाजन सुरूच न झालेल्या पेशी. विभाजनाची पहिली अवस्था प्रोफेज कुठे चार-दोन, दुसरी मेटाफेज शून्य! बऱ्याच पेशी लांबट आयताकृती दिसतात, म्हणजे टोकाऐवजी वरचा वाढीचा भाग येतोय का? की कापायची वेळच बदलू? कोल्चिसिन (विभाजन मेटाफेजलाच थांबवणारं रसायन) नको, त्याने पुढचा टप्पा ॲनाफेज हातचा जातो आणि परीक्षेला चारही अवस्था दाखवायच्यात.