मदत हवी आहे: चौघांच्या खाण्याचा महिन्याचा खर्च किती धरावा?

पुण्यात राहतो. आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतला मुलगा. किराणा, दूध, भाजी, फळं मिळून महिन्याला १८,००० च्या वर जातात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत शहरात माणशी सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये, त्यातला जवळपास ४० टक्के खाण्यावर. म्हणजे चौघांचे साधारण ११,०००. मग आमचं चुकतंय कुठे?

दूध रोज दीड लिटर, तेल महिन्याला चार लिटर (तेल मलाही जास्तच वाटतंय). सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांची ज्वारी-पालेभाजी कमी करणार नाही. वाढत्या मुलाचं दूध तोडायला मन धजत नाही. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरणं अजून परवडतं का? तुमच्याकडे किती लागतात, बाहेरचं खाणं धरून की सोडून, कृपया सांगा.