मँचेस्टरला अंगणात लिंबू जगवायचंय, तिथल्या थंडीचा अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते. गॅलरीत पत्र्याच्या डब्यात गेली नऊ वर्षं कागदी लिंबू आहे. माहेर विदर्भातल्या वरुडचं, वडिलांची संत्र्याची बाग होती. म्हणून लिंबाचं आपल्याला कळतं असं वाटायचं. आता अडले आहे, कारण झाड लेकीचं आहे आणि ते मँचेस्टरला आहे.

तिने गेल्या मे महिन्यात तिथल्या एका दुकानातून अडीच फुटी कलम आणलं. जात युरेका. खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं ते, कोणता हे चिठ्ठीवर नव्हतं. घरामागे दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत आहे, ऊन पडलं की छान तापते, म्हणून तिच्या पायथ्याशी जमिनीतच लावलं. माती मात्र चिकण. उन्हाळाभर झाड खुशीत होतं, एकदा फुललंही. डिसेंबरात एका रात्री पारा उणे 4 वर गेला आणि पुढच्या दहा दिवसांत पानगळ सुरू झाली. पानाचं पातं तेवढं गळायचं, देठ फांदीलाच राहायचे. असं मी वरुडला कधी पाहिलं नव्हतं.

इथे चूक माझी झाली. व्हिडिओ कॉलवर मला वरची माती पांढुरकी दिसली, म्हणून म्हटलं, तहानलं असेल, तांब्याभर घाल. आठवड्यातून दोनदा ती बिचारी घालत राहिली. नंतर वाचलं की माती साधारण 12-13 अंशांच्या खाली गेली की लिंबूवर्गाची मुळं जवळजवळ काम थांबवतात. वर ऊन पडलं की पानं पाणी मागतात, खालून मुळं देत नाहीत, म्हणून पानं गळतात. आणि अशात आपण आणखी पाणी घातलं की मुळं कुजतात. जानेवारीत तिने झाड उकरून कुंडीत घेतलं, तेव्हा काही बारीक मुळ्या चिमटीत धरताच साल सरकून हातात आली, आत नुसता दोरा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

थंडीशी लिंबूवर्गाचं वैर नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय. वडील डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यायचे, थंडीत बाग विश्रांती घ्यायची आणि पाणी सोडलं की आंबिया बहार (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) असा यायचा की घरात वास भरून राहायचा. पण वरुडची थंडी कोरडी, दुपारी लख्ख ऊन. मँचेस्टरची ओली. शिवाय मला तिथल्या उन्हाळ्याचीच जास्त काळजी वाटते. जुलैतही दुपारचं तापमान सरासरी 20-21 अंश. झाड तगलं तरी फळ पिकायला तेवढी ऊब पुरेल का?

युझू (जपानकडचं आंबट लिंबूवर्गीय फळ) आणि सात्सुमा संत्रं मोठी झाल्यावर उणे 8-9 पर्यंत थोडा वेळ सोसतात असं कळलं. युरेका तेवढं सोसत नाही, आणि आपलं कागदी तर सगळ्यांत नाजूक. युझू किंवा सात्सुमा तशा हवेत कोणी बाहेर, जमिनीत वाढवलंय का? भिंतीलगत मातीचा उंच वाफा करून लावलं तर मुळांशी पाणी साचणार नाही, हे माझ्या मनात आहे. थंडीत झाडावर पांढरं कापड घालतात, ते दिवसा काढायचं की ठेवायचं? प्लास्टिक नको हे समजतं, आत दमट होऊन बुरशी धरेल. कृपया "कुंडीत लावा आणि घरात आणा" एवढंच सांगू नका, ते लेकीलाही माहीत आहे. तिला अंगणातच झाड हवंय, तिच्या आजोबांसारखं.

थोडी भर, आलेल्या प्रतिसादांना धरून

झाड जिवंत आहे का ते कळायला साल नखाने खरवडून बघा, आत हिरवं म्हणजे जिवंत, असं एका ताईंनी सांगितलं. बघितलं. कलमाच्या जोडाच्या वर चार बोटं हिरवं आहे, त्याच्या पुढे तपकिरी.

आणि काल लेकीचा फोन आला, "आई, ह्याला बेलाचं पान कसं आलं?" कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्यापासून जोडाच्या खालून एक नवी फूट (कोंब) आली आहे. लांब काटे आणि एकेका देठाला तीन-तीन पानं, अगदी बेलासारखी. म्हणजे खुंट ट्रायफोलिएटचा (तीन पानांच्या काटेरी संत्र्याचा) असणार. ती जात थंडीत आपणहून पानं झाडते आणि उणे 15 च्या खालची थंडीही सोसते, म्हणूनच तो खुंट वाचला.

एरवी जोडाखालची फूट मी लगेच काढून टाकायला सांगते. वडील जंभेरीच्या खुंटावरची प्रत्येक फूट अंगठ्याने मोडायचे. या वेळी मात्र लेकीला थांबवलं आहे. वरचं लिंबू गेलंच, तर याच फुटीवर सात्सुमाचा किंवा युझूचा डोळा भरता, म्हणजे त्या झाडाची कळी सालीखाली बसवून कलम करता, येईल का? वरुडला साल सहज सुटायला लागली की डोळे भरायचे. मँचेस्टरला ती साल कोणत्या महिन्यात सुटते, आणि फूट तोवर किती जाड व्हायला हवी? तिने आजवर डोळा भरलेला नाही, मी इथून फोनवर सांगणार आहे, आणि या वेळी मला नीट सांगायचं आहे.